भाऊबीजेला आलेली टायरांची यादी

झिंडेलफिंगेन, जर्मनी,
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

वरची ओळ हाताच्या सवयीने लिहिली गेली, तिच्यावर फार विसंबू नकोस. आम्ही दोघी खुशाल आहोत. मैत्रेयीला उद्यापासून शाळेची सुट्टी आहे. थंडी पडायला लागली आहे. झालं, हवापाणी संपलं.

तुझं पाकीट गुरुवारी आलं, बरोब्बर भाऊबीजेला. वर्षभरात तुझ्याकडून आलेलं पहिलं काहीतरी. मी वेडी, फोडण्याआधी ओले हात पुसले. आत काय, तर हिवाळी टायरांच्या चाचणीचा प्रिंटआउट! तीन नावांवर पिवळं मार्कर आणि समासात तुझं ते मुंगीएवढं अक्षर: "अठरा इंचांच्या खाली जाऊ नकोस. पुढचे ब्रेक मोठे आहेत, लहान चाक बसणार नाही. बर्फातले आकडे बघत बसू नकोस. बर्फ चार दिवस असतो, थंड ओला रस्ता चार महिने. ओल्यातला ब्रेक बघ." ना 'प्रिय', ना 'तुझा दादा'. हेर्त्सोगेनआउराखला तुमच्या ऑफिसात माल पुरवणाऱ्यांनासुद्धा याहून प्रेमाने लिहीत असाल.

तू पहिल्यापासून असाच. सातवीत मला सायकल मिळाली तेव्हा "छान आहे" म्हणायच्या ऐवजी पाना घेऊन तिचा ब्रेक आवळलास. मला न सांगता. पुढच्याच गल्लीत मी तोंडावर आपटले. या लाल गाडीचंही तेच. आयुष्यात मी कुणालाही न विचारता घेतलेली ही एकच मोठी वस्तू. तू तिच्याभोवती एक चक्कर मारलीस आणि म्हणालास, "एकोणीस इंची चाकं? मागे पोरगी बसणार आहे ना?"

मला तुझा तो आवाज आजही ऐकू येतो आणि आजही डोकं फिरतं.

आणि मागच्या नोव्हेंबरातलंही मी काही विसरलेले नाही. त्या गुरुवारी उतारावर गाडी घसरली, कठड्यावर आदळली. पुण्याहून माझ्याकडे आलेल्या बाबांचं खुब्याचं हाड मोडलं, मैत्रेयीच्या कपाळाला तीन टाके पडले. तू अडीच तासांत आलास म्हणून सगळ्यांनी तुझं कौतुक केलं. पण आधी कुठे गेलास? गाडी ओढून नेली होती त्या यार्डात. तिथल्या माणसाने मला नंतर सांगितलं, तुमचा भाऊ गुडघे टेकून चारही टायर बघून गेला. मग हॉस्पिटलात आलास. तुझा अंगठा काळा होता. तोच हात तू बाबांच्या कपाळावर ठेवलास. हे मी वर्षभर ज्याला त्याला सांगितलं आहे: माझ्या भावाला बापाच्या आधी टायर आठवले.

बाबा तुला काय म्हणाले तेही तुझ्या लक्षात असेल. "दत्ता, तू इंजिनियर ना? बहिणीला असला सल्ला देतात?" तू माझ्याकडे एकदा बघितलंस, आणि खाली कॉफी आणायला निघून गेलास.

तेव्हापासून तुझा फोन आला की बाबा "बरा आहे" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. पाच डिसेंबरला ते पुन्हा येत आहेत, काठी घेऊन. दोन महिने माझ्याकडेच राहणार, दत्ताच्या दारात पाऊल ठेवणार नाही, असं त्यांनी मला बजावून सांगितलं. मी जिंकले होते, दादा.

तर काल टायरवाल्याकडे गेले. तुझा पहिला नंबर मुळीच घ्यायचा नाही, एवढं ठरवून. म्हाताऱ्याने विचारलं, "गाडी कुठे चालवता?" म्हटलं, शाळा, ऑफिस, कधीतरी डोंगरात. तर म्हणतो, "मग बर्फाचं सोडा, ओल्यातला ब्रेक बघा." आणि तुझ्याच पहिल्या नावावर बोट! मी चडफडत "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणाले. मग त्याने कॉम्प्युटरवर माझ्या जुन्या टेर्मीनची, ठरवून घेतलेल्या वेळांची, यादी उघडली आणि मोठ्यांदा वाचलं, "गेल्या वर्षी नऊ ऑक्टोबरचा टेर्मीन होता तुमचा. हेच टायर. तुम्हीच रद्द केलात."

मैत्रेयी शेजारी उभी होती.

गाडीत बसल्यावर तिने जर्मनमध्ये विचारलं, "आजोबांना तू असं का सांगितलंस, की मामाच म्हणाला होता टायर महिनाभर चालतील? तो तर फोनवर ओरडत होता, चाकं बदल, चाकं बदल. मी ऐकलंय." दहा वर्षांची पोर. वर्षभर तिने हे पोटात ठेवलं होतं. मी म्हटलं, पट्टा लाव.

आता लिहितेच. टेर्मीन नऊ तारखेचा होता आणि दसरा बारा तारखेला. बाबांना गाडीची पूजा करायची होती. हिवाळी चाकं म्हणजे त्या काळ्या लोखंडी रिम. त्यांच्यापुढे झेंडूचा हार घालून फोटो काय काढणार? म्हणून टेर्मीन रद्द केला. बाबांच्या हौसेसाठी, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे बाबा म्हणाले होते, "अगं, पूजेला चाकं कुठलीही चालतात." फोटो मला हवा होता. चकचकीत एकोणीस इंची चाकं, खाली लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक. पुण्यातल्या सगळ्यांना पाठवला. तुलाही पाठवला, मुद्दाम.

मग दिवाळी आली, मंडळाचा कार्यक्रम आला. नंतर टेर्मीन मागितला तर सगळं गाव त्याच रांगेत. सत्तावीस नोव्हेंबर मिळाला. बर्फ एकवीसला पडला.

पोलीस म्हणाला, चारही टायर उन्हाळी आहेत, बर्फात चालत नाहीत. बाबा स्ट्रेचरवरून विचारत होते, "काय म्हणतोय गं तो?" त्यांना जर्मन येत नाही. भाषांतर मीच केलं. म्हटलं, "टायरचं काहीतरी. दादा म्हणाला होता, अजून महिनाभर चालतील." एवढं एकच वाक्य. घाबरून तोंडातून गेलं, असं म्हणता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी बाबांनी पुन्हा विचारलं, तेव्हा मी घाबरलेली नव्हते.

तुला त्या यार्डातच सगळं कळलं होतं. कोणते टायर होते, कोणाची चूक होती. एका शब्दात तू मला उघडं पाडू शकला असतास. तू कॉफी आणलीस. तिघांसाठी. माझ्या कपात साखर नव्हती, मी घेत नाही म्हणून. दादा, त्या कॉफीचा मला जितका राग आहे तितका तुझ्या कुठल्याही उपदेशाचा नाही. बोलला असतास, भांडला असतास, तर मी सुटले असते. तू गप्प बसलास आणि मी वर्षभर तुला लोकांसमोर वाईट ठरवत राहिले, कारण तुला चांगलं म्हटलं असतं तर मी काय उरले असते?

आज सकाळी पुण्याला फोन केला. बाबांना सगळं सांगितलं: टेर्मीन, फोटो, भाषांतर. आई मध्ये बोलायला लागली, तिला त्यांनी थांबवलं. मला वाटलं, आता मला बोलतील. त्यांनी एवढंच विचारलं, "दत्ताला माहीत होतं?" मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून. मग म्हणाले, "आणि मी त्याच्याशी वर्षभर..." फोन आईने घेतला.

हे सगळं लिहिलं म्हणून माझा राग गेला असं समजू नकोस. क्षमा मागायची तर मी तुझ्यासमोर उभी राहून मागेन, आणि ती तुला सुखाने मिळणार नाही.

टायर मंगळवारी बसतात. तुझा पहिला नंबर, अठरा इंची, काळ्या रिम. सहा डिसेंबरला, शनिवारी, बाबांना घेऊन तुझ्याकडे येते. खाली येऊन चारही टायर अंगठ्याने दाबून बघ, मी काही बोलणार नाही. पण या वेळी आधी बाबांकडे जा. त्यांना गाडीतून उतरायला हात लागतो.

तुझ्यावर अजून रागावलेली,
ऊर्मी