अण्णांची गाठ

तीर्थरूप अण्णा,

लांबूनच पाया पडते. मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचे गुडघे कसे आहेत?

तुम्हाला वाटतं तसं मला समुद्रात उतरावं लागत नाही. मेलेली कासवं आपणच किनाऱ्याला लागतात. पाठीच्या मधल्या ओळीच्या एका बाजूचे खवले मोजायचे. चार असले तर बहुतेक हिरवं कासव, सहा-सात असले तर रिडले. एवढं शिकून पोरगी मेलेल्यांच्या पाठी मोजते, असं आई म्हणेल.

मंगळवारी एक रिडले आलं. त्याच्या पुढच्या पायात जाळ्याचा तुकडा रुतला होता. तो सोडवताना माझा हात थांबला. जाळं एका जागी निळ्या दोऱ्याने सांधलं होतं, दोन वेढे आणि गाठ डावीकडून. उजव्या हाताचं बोट तुटल्यापासून तुम्ही तशीच मारता, दुसरं कोणी मारत नाही.

नोंदवहीत मी ‘जाळं कोणाचं, माहीत नाही’ असं लिहिलं. इथे लिहिलेलं माझं हे पहिलं खोटं.

कासवासाठी तुम्हाला बोल लावत नाही, अण्णा. पण जाळ्याची कड फाटलेली नव्हती, सुरीने कापलेली होती. होडी उलटायला आली की जाळं कापून टाकायचं, हे तुम्हीच मला आणि दादाला शिकवलंत, आणि आता होडी तोच नेतो.

महिनाभर मी फोन केला की तुम्ही म्हणता, दादा झोपलाय. आता त्याला उठवा आणि त्याच्या हातच्या दोन ओळी पाठवा. काहीही लिहू दे. त्याचं अक्षर मी ओळखते.

तुमची धाकटी