तुपाच्या डब्यावरचं पिवळं स्टिकर

देऊळघाट,
१८ जानेवारी २०२५

प्रिय पूनमताई,

जे आपण घरी बिनघोर खातो, तेच दुसऱ्याच्या घरी देताना लाज का वाटते? चार दिवस विचार करते आहे. 

तू आणि बाळ बरी असाल. फोनवर तुझ्याशेजारी सासूबाई असतात, म्हणून पत्र लिहिते.

नव्या नोकरीत, किराणा दुकानात दिवसभर उभं राहून पाय भरून येतात. वापरायची शेवटची तारीख जवळ आलेला माल आधी सरळ कचऱ्यात जायचा. मी मालकांच्या मागे लागून त्याची वेगळी फळी करवली. अर्धी किंमत, वर पिवळं स्टिकर. लोक आधी नुसते बघायचे. मी त्यांना सांगायची, "लाजू नका, माल चांगला आहे. मी पण हाच नेते."

तुझ्या बाळंतविड्यातलं तूप त्याच फळीवरचं होतं. तारखेला अकरा दिवस बाकी होते. मी चव घेऊन पाहिली होती, तूप उत्तम होतं. तरी निघायच्या आधी मी ते स्टिकर नखानं खरवडून काढलं आणि आईला म्हटलं, नवा माल आहे. बुडाला छापलेली तारीख तेवढी राहिली.

तुझ्या सासूबाईंनी, शारदामावशींनी, पाचवीला आलेल्या बायांसमोर डबा उलटा केला आणि बुडाची तारीख मोठ्यानं वाचली. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "पोरीले काही इचारू नका. तूप म्या बाजारातून आणलं. मले कुठं तारीख वाचता येते?"

"म्हणून तर म्हणते, इहीणबाई, शिकल्या पोरीले सांगायचं होतं," मावशी म्हणाल्या. बाया हसल्या. तू माझ्याकडे पाहिलंस. मी बाळाची दुपटी घडी करत बसले. घडी केलेलीच होती ती.

परतताना एसटीत मी आईला विचारलं, "खोटं काऊन बोललीस?"

"तुयी नोकरी नवी हाय. लोकं म्हणतील, दुकानातलं उरलंसुरलं बहिणीले नेते. मले तं अडाणी म्हणतातच." मग ती खिडकीला डोकं टेकून झोपली. किंवा झोपल्यासारखी.

ते तूप गाईच्या सरकीच्या ढेपेत मिसळून दिलं, असं तू फोनवर सांगितलंस. अन्न वाया जाऊ नये म्हणून मी दुकानात सगळ्यांशी भांडते. आणि एक किलो चांगलं तूप माझ्या लपवण्यानं वाया गेलं.

आता आई बारशाला येत नाही म्हणते. कंबर दुखते, असं सांगते. काल शेतातून तुरीच्या शेंगांचं ओझं तिनं स्वतः डोक्यावर आणलं.

ताई, काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी शारदामावशींना फोन केला. तूप मी आणलं, तारीख मी वाचली होती, स्टिकर मी काढलं, आईला यातलं काही माहीत नव्हतं, सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं,

"त्या दिवशी काऊन नाही बोलली?"

"भ्याले होते," मी म्हटलं. "आईला बारशाचं आवतन तुम्ही स्वतः द्या. आणि तेव्हाच्या बायाही बोलवा. त्यांच्यासमोर मी हेच पुन्हा सांगीन."

त्यांनी फोन ठेवला. हो म्हणाल्या नाहीत, नाही पण म्हणाल्या नाहीत. याचा त्रास तुला झाला तर माझ्यावर राग धर, आईवर नको. आईला मी अजून सांगितलेलं नाही, पण सांगायचं तिथे सांगून झालं आहे.

तुझी, उशिरा बोललेली,
काजल