तिसऱ्यांदा मागितलेली मुदत

प्रिय ताई,

दीड वर्षात तुला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. एरवी आपली खबरबात वकिलांच्या लिफाफ्यांतून जाते-येते. त्यात तू वादी आणि मी प्रतिवादी. तुझी भावजय म्हणते, लहानपणी भांडायचात तेव्हा निदान एकमेकांना चांगली सणसणीत नावं तरी ठेवायचात! तिचा गुडघा आता छान आहे. परवा एकटी जिना उतरली आणि खाली पोचल्यावर वर राहिलेली पिशवी आणायला मलाच पिटाळलं.

तुझा वॉर्ड कसा आहे? ड्यूटी संपली की तू गणवेशातच वर्कशॉपात यायचीस आणि फळ्यांच्या ढिगावर बसून पाय चोळायचीस. तिथेच तू वॉर्डातल्या त्या म्हाताऱ्या पोस्टमास्तरांबद्दल सांगितलंस. खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागतात, त्यांना त्रास नको, म्हणून ते दिवसभर पाणीच पीत नाहीत. मी हातातला रंधा खाली ठेवला होता, एवढं पक्कं आठवतं. मग महिनाभर त्या खुर्चीच्या मागे लागलो. बैठक हळूच पुढे कलणार आणि बसलेल्याला उभं करणार. पहिली बिजागरी मोडली, दुसरीनं माझंच बोट चेचलं. तिसरीवर पोस्टमास्तर कुणाच्या हाताशिवाय उभे राहिले आणि त्यांनी आधी काय केलं, तर तुझ्याकडे तांब्याभर पाणी मागितलं. तू तोंड फिरवून रडलीस. मी खुर्चीचे पाय तपासत बसलो.

पुढे एका कारखान्यानं ती खुर्ची बनवायला घेतली आणि कागदोपत्री तिचा जनक म्हणून माझं एकट्याचं नाव लागलं. तू म्हणालीस, "मला दुसरं काही नको, माझं नाव हवं." मी म्हणालो, "तू गोष्ट सांगितलीस, खुर्ची मी केली." ताई, तेव्हा मी खोटं बोलत नव्हतो गं. माझ्या हातांना जेवढं आठवत होतं, तेवढंच मला खरं वाटत होतं. तूही हट्टी, मीही हट्टी. प्रकरण कोर्टात गेलं.

सुनावणीआधी दोघांनी आपापल्याकडचे सगळे कागद एकमेकांना दाखवायचे, हा कोर्टाचा हुकूम. त्याची मुदत मी पहिल्यांदा वाढवून मागितली ती हिच्या ऑपरेशनसाठी. दुसऱ्यांदा मागितली, कारण वीस वर्षांचे कागद माळ्यावर खोक्यांत कोंबलेले होते. दोन्ही कारणं खरी. तिसऱ्यांदा मी वकीलसाहेबांना फोनवर सांगितलं, "अजून शोधतोय." तुझ्या वकीलबाई कोर्टात चांगल्याच तापल्या म्हणे. हा सरळसरळ वेळकाढूपणा आहे, म्हणाल्या. आणि तरी मुदत मिळाली, कारण तू संमती दिलीस. बाहेर व्हरांड्यात तू त्यांना जे सांगितलंस ते माझ्या वकीलसाहेबांनी ऐकलं आणि सहज मला सांगितलं: "माझा भाऊ डोक्यानं उलटा आहे, पण वेळ मागतो तेव्हा त्याला खरंच वेळ लागत असतो. देऊन टाका."

ते ऐकल्यापासून माझ्या करवतीचा एक कापही सरळ येईना. कारण शोधायचं काही उरलंच नव्हतं. फोन केला त्याच्या आदल्याच दिवशी मला शेवटच्या खोक्यात तुझ्या वॉर्डातला पथ्याचा एक तक्ता सापडला होता. त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं खुर्ची काढलेली, बाजूनं दिसणारी. कललेली बैठक, खाली स्प्रिंग, दांडा, बाण. आणि तुझं अक्षर, तू मला ठेवलेल्या नावासकट: "ठोक्या, असं जमेल का बघ. माणसाला उचललं पाहिजे, ढकलायला नको." तारीख माझ्या पहिल्या आराखड्याच्या पाच आठवडे आधीची. कडेला सरसाचे डाग, माझ्याच बोटांचे. म्हणजे तो कागद समोर ठेवूनच मी काम केलं होतं आणि नंतर साफ विसरलो होतो. तो मी खणात टाकला, वर पटाश्या आणि कानशी रचल्या.

काल तो काढून वकीलसाहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा काढला. "हा दिल्यावर आपल्याकडे काय उरतं, कळतंय ना?" म्हटलं, "बिजागरी उरते. ती मात्र माझी आहे, ती मी सोडणार नाही." ते बिचारे हसले. आणखी मुदत मागू का, विचारलं, नको म्हटलं. घरी येऊन हिला सगळं सांगितलं, दोनदा वाढून घेऊन जेवलो आणि आज सकाळपासून कामाला हात लागलाय. सोमवारी तो कागद रीतसर तुझ्या वकीलबाईंकडे पोचेल आणि त्या तुला फोन करतील. ही गोष्ट तुला परक्या माणसाकडून कळू नये, आधी माझ्याकडून कळावी, म्हणून हे पत्र.

तुझाच,
धाकटा