पहिल्या हाकेला ओ

सोमवार, ६ जानेवारी
मालन, ही वही तूच मला दिलीस आणि एव्हाना ते विसरलीही असशील. रोज काय घडलं ते लिहीत जा, म्हणालीस. आईला अक्षर येत नाही हे पोटच्या लेकीनं विसरावं, म्हणजे कमाल आहे. तर मी सांगते आणि तुझी वहिनी दर्शना लिहिते.

तुमची नौपाड्याची बिल्डिंग पाडून नवी होईस्तोवर मी इथे शहाडला, रवीकडे. घर दोन खोल्यांचं. बाहेरची खोली स्पीकरांनीच बळकावली आहे. वागळे इस्टेटमधला कारखाना बंद पडल्यापासून तुझा भाऊ घरी बसून जुने फाटके स्पीकर दुरुस्त करतो. लाकडी खोके, तोंडाला जाळी, आत काळ्या कागदाचा द्रोण. तो द्रोण थरथरला की आवाज निघतो म्हणे, आणि फाटला की नुसती घरघर. मी म्हटलं, म्हणजे माझ्या घशासारखंच. रवी हसला. खूप दिवसांनी हसला, असं दर्शना म्हणते.

बुधवार, ८ जानेवारी
मला नोकरी लागली. फाटक्या द्रोणाला तलम कागदाचं ठिगळ लावायचं, पातळ गोंदानं, बोटाच्या टोकानं. चाळीस वर्षं वाण्यांना रद्दीच्या पिशव्या चिकटवून दिल्या मी. जगभरच्या बातम्या या हातांखालून गेल्या, एकही वाचली नाही. रवी म्हणतो, आई, तुझं ठिगळ शोधून सापडत नाही.

आज मंडपवाला काळुराम एक खोका टाकून गेला. जत्रेत हरवलेल्यांची नावं पुकारायला तो टांगत असत. जाताना काळुरामनं त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं. लाजतो का रे तुझा स्पीकर, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, असाच असू द्या आजी. आता भिंतीकडे तोंड करून बसलेल्याला ठिगळ कसं लावायचं? मी फिरवला.

गुरुवार, ९ जानेवारी
दिवसभर त्याच खोक्याशी ठिगळ लावत बसले. दर्शनाही शेजारीच वही घेऊन. कागद बोलतो कसा, असं रवीला विचारलं. तो म्हणाला, हाच कागद ऐकतोसुद्धा. तार उलटी जोडली की स्पीकरचा माईक होतो. मी म्हटलं, म्हणजे सुनेपेक्षा बरा, ऐकतो तरी. दर्शना हे लिहायला तयार नव्हती. लिहिलंन् शेवटी.

शुक्रवार, १० जानेवारी
इथे शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, ती संध्याकाळी येते. रवी दूध आणायला गेला होता. मी आणि दर्शना आत तांदूळ निवडत होतो. बाहेरच्या खोलीतून हाक आली, "रवीऽ". एकदाच.

आवाज माझा होता. दर्शना माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि माझं तोंड मिटलेलं.

बाहेर जाऊन पाहिलं. काळुरामच्या खोक्याच्या तारा मोकळ्या लोंबत होत्या.

आमच्या गावाकडे एका हाकेला ओ देत नाहीत. माणूस असेल तर तीनदा हाक मारतो. दुसरं काही असेल तर एकदाच. रवी आल्यावर त्याला सांगितलं. तो म्हणाला, शेजारचा टीव्ही असेल. वीज कुठे होती रे, म्हटलं. मग मोबाइल असेल, म्हणाला. वाद घालायचंही त्राण नाही त्याच्यात.

रविवार, १२ जानेवारी
मी रवीला हाक मारणं सोडलं. काही हवं असलं तर ताटावर पळी वाजवते.

चूक माझीच आहे, मालन. गावची रीत मीच मोडली. हात गोंदात बुडालेले, तीन-तीन हाका मारायला सवड कुणाला होती? आईच्या पहिल्या हाकेला ओ आली पाहिजे, नाहीतर केरसुणी. तू खुशाल दुर्लक्ष करायचीस. तो गुणी. चोपन्नाव्या वर्षीही पहिल्याच हाकेला ओ देतो.

आता देऊ नकोस, म्हणून बजावलं. बरं म्हणाला. खोका परत भिंतीकडे फिरवला. काळुराम फोन उचलत नाही.

मंगळवार, १४ जानेवारी
ऐन संक्रांतीची दुपार. रवी मान खाली घालून तारेला कथलाचा डाग देत होता. मी आत तीळ भाजत होते.

हाक आली. त्यानं ओ दिली. सवयीनं.

ओ खोक्यातून आली. रवीचं तोंड उघडं होतं, आणि त्यातून काहीच—

बुधवार, १५ जानेवारी
डॉक्टर म्हणतात, घसा चांगला आहे. त्याचे ओठ हलतात, शब्द खोक्यातून येतो. पाणी मागितलं, तेही तिथूनच. पाणी दिलं तर गिळवेना.

काळुरामचा फोन बंद.

शुक्रवार, १७ जानेवारी
वीज नाही. खोका बोलतोच आहे. आज दर्शनाला हाक, माझ्या आवाजात. तिनं कानात कापूस घातलाय. मी तिच्या तळहातावर तोंड ठेवून कुजबुजते, ओठ चाचपून ती लिहिते. जितकं बोलेन तितकं ते शिकेल—

माझं ठिगळ कुठे आहे ते मला ठाऊक आहे. नख लावलं की निघेल. पण रवीचा आवाज त्यात आहे. फाडलं तर तो परत येईल, की कायमचा—

रवीनं माझा हात धरून कागदावर ठेवला. ओठ म्हणाले, फाड.

खोका म्हणाला, नको आई.

शनिवार, १८ जानेवारी
चार दिवस रवीच्या पोटात चमचाभर पाण्यापलीकडे काही नाही. रात्रभर विचार केला. ओठ माझ्या पोटचे आहेत. त्यांचं ऐकणार. आज फाडते.

आधी त्याच्यात थोडी ताकद येऊ दे. इथला गॅस संपलाय, आणि दर्शनाला मी दाराबाहेर सोडत नाही. ती या पानांचे फोटो काढून तुला पाठवेल. मालन, डबा घेऊन ये. उंबऱ्याबाहेर ठेव आणि परत फीर. आतून मी हाक मारली तर ती मी नाही.

तांदळाची पेज कर, पातळ, कण न ठेवता. तूप घाल, मीठ बेताचं. आणि सोबत थोडी— थांब, खोक्यानं आत्ता तुला हाक मारली, मालन, माझ्या आवाजात.