आत्याच्या जपानला निघालेली अकरा माणसं

मुलुंड (पूर्व),
१४ सप्टेंबर २०२५

ती. सुलक्षणा आत्या,

नाही, मी नाही सांगितलेलं! किती वेळा तेच तेच? आधी फोनवर ओरडलीस, मग फोन आपटलास, मग मला ब्लॉक केलंस. साठाव्या वर्षी कुणी सख्ख्या भाचीला ब्लॉक करतं का गं? म्हणून हा कागद. शिरसाष्टांग नमस्कार आहेच, पण तो भांडण मिटल्यावर घे.

पप्पांना तुझ्या जपानचं कसं कळलं ते मी शोधून काढलंय. तू नवा फोन घेतलास तेव्हा पप्पांनी तो तुला सुरू करून दिला होता ना? तेव्हापासून तुझं व्हॉट्सअ‍ॅप त्यांच्या लॅपटॉपवर उघडतंय. विचारलं तर म्हणाले, सेफ्टीसाठी, ताई साधी आहे, कुठल्याही लिंकवर बोट ठेवेल. म्हणजे तू मला पाठवलेला क्योटोचा प्रत्येक फोटो माझ्याआधी मुलुंडच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने, म्हणजे पप्पांनी, बघितलाय. आता त्यांनी 'ताई टू टोकियो' नावाचा ग्रुप काढलाय. अ‍ॅडमिन ते, आई आणि सिद्धेशदादा. तुझ्या ट्रिपच्या ग्रुपवर तूच अ‍ॅडमिन नाहीस, झकास ना?

तर यापुढे जपानबद्दल जे काय ते पोस्टाने. तू विचारलेल्या गोष्टी सांगते. रेल्वेचा तो मोठा पास घेऊ नकोस, टोकियो-क्योटो एवढंच करायचं तर तो महागात जातो. सुटी तिकिटं काढ. लोकल आणि बससाठी एक कार्ड मिळतं, ते दाराला टेकवायचं आणि पुढे जायचं. बूट चेनचे नकोत, सरकन निघणारे घे, तिथे घडोघडी बूट काढतात. रस्त्यात कचऱ्याचे डबे नसतात, कचरा पिशवीत घालून आपल्याबरोबर फिरवायचा. टीप देऊ नकोस, अपमान वाटतो त्यांना. सर्दीच्या काही गोळ्या तिथे चालत नाहीत, तुझी गोळी आधी तपासून घे. आणि मोठी बॅग उचलायचीच नाही. हॉटेलात काउंटरवर दिली की दुसऱ्या दिवशी पुढच्या गावच्या हॉटेलात आपोआप पोचते.

एक शेवटचं. खाण्याच्या ठिकाणी शिरलीस की विचारतात किती जण. एक बोट वर करायचं. बास. कुणी तोंड वेडंवाकडं करत नाही. एकट्या माणसासाठी वेगळी खुर्ची, पुढे लाकडी फळी, रांगेत सगळे एकेकटेच जेवतायत. आपल्याकडे स्टेशनबाहेरच्या हॉटेलात तुला वेटर दर वेळी विचारतो ना, मॅडम बाकीचे येतायत का, तसलं काही नाही.

ब्लॉक काढ. लोभ असेल तर पोस्टकार्डावर कळव.

तुझी, काहीही न केलेली,
अपूर्वा

*

बोरीवली (पश्चिम),
२२ सप्टेंबर २०२५

चि. अपूर्वा हिला भरभरून आशीर्वाद,

ब्लॉक काढला आहे. माफी मागणार नाही, मी शाळेत बाई होते.

तुझं पत्र पोचलं. अक्षर म्हणजे कोंबडीचा पाय आहे, पण माहिती व्यवस्थित आहे. मी तीस वर्षं आठवीला जपान शिकवला. होक्काइदो, होन्शू, शिकोकू, क्यूशू. पोरांकडून इतकं घोकून घेतलं की परवा भाजीवाल्याकडे एक टकला गृहस्थ मला बघून वांगी तशीच टाकून उभा राहिला आणि घडाघडा चारी बेटं म्हणून मोकळा झाला. सगळ्या बोरीवलीला जपान पाठ आहे आणि मी काही विरारच्या पलीकडे स्वतःच्या मर्जीने गेलेली नाही.

बॅग आपोआप पुढे जाते हे वाचलं आणि पत्र खाली ठेवून जरा बसले. तुला गंमत वाटेल. आपल्या घराच्या झाडून सगळ्या सहलींना मी आहे. माथेरान, महाबळेश्वर, उटी, ती केरळची होडी. फोटोत मी कुठे दिसते का बघ. तुम्ही सगळे पॉइंटवर गेलात की सुलक्षणा बॅगांपाशी. तिला काय, तिच्यामागे पोरंबाळं नाहीत, ती बसेल. मी कुठल्याही पॉइंटचं वर्णन करू शकत नाही, पण प्रत्येक पॉइंटच्या पार्किंगचं करू शकते. राजेश, तुझा बाप, वाईट नाही गं. त्याने मला कधी मागे ठेवलं नाही, प्रत्येक वेळी नेलंच. फक्त नेऊन ठेवलं.

म्हणून या वेळी मला कुणी न्यायचं नाहीये. नोव्हेंबरच्या मध्यावर क्योटोतली झाडं लाल होतात, तेव्हा जायचं. व्हिसाचे कागद मी स्वतः भरले. खिडकीतल्या मुलीने विचारलं सोबत कोण, मी म्हटलं कोणी नाही, तिने पुढचं पान उलटलं. मला इतकं बरं वाटलं.

खाण्याचं म्हणशील, तर तिथे म्हणे वरणासारख्या सारातसुद्धा माशाचं पाणी असतं. आपल्याला मासे वर्ज्य थोडेच, फक्त सोमवारचा प्रश्न. तो मी आणि महादेव बघून घेऊ. बोट वर करायची प्रॅक्टिस आरशासमोर चालू आहे. पहिल्यांदा वर्गात शांत बसा म्हणतात तसं झालं, आता जमतंय.

राजेशला सांग, ताई ठणठणीत आहे आणि फोन बिघडला आहे.

माया आहे, ती न मागता पाठवते.
तुझी आत्या

*

मुलुंड (पूर्व),
७ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस राजेशचा सा. नमस्कार वि. वि.

विषय : जपान दौरा, सर्व संबंधितांच्या सोयीनुसार.

तुझे चि. अपूर्वास आलेले पत्र चुकून उघडले गेले. उघडले गेल्यामुळे वाचलेही गेले. बॅगांचे वाचून मला आणि नंदाला फार वाईट वाटले. असे तुझ्या मनात आहे हे तू कधी बोलली नाहीस. तरी या बाबीची नोंद घेण्यात आली असून जपानमध्ये तुझ्याकडे बॅगा राहणार नाहीत. त्याऐवजी सर्वांचे पासपोर्ट राहतील. ते हलके असतात.

आता मुख्य मुद्दा. तू एकटी जाणार म्हटल्यावर मला झोप लागेना. घरातील मोठी बहीण, परका देश, भाषा येत नाही, वरून भूकंप. आपण चर्चा करून निर्णय घेणारी माणसे आहोत, परंतु तू फोन घेत नसल्याने चर्चा तुझ्याशिवाय करावी लागली. मतभेद झाल्याने दसऱ्यानंतर गावच्या घरी असलेल्या आपल्या धाकूला सांगून रवळनाथाला कौल लावला. मी मुलुंडहून व्हिडिओ कॉलवर हजर होतो. गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या आणि ताईला एकटीला जपानला पाठवू का, असे विचारले. उजवी पडली तर जाऊ दे, डावी पडली तर नको. ऐन वेळी चित्र गोठले, पण धाकूचा आवाज स्वच्छ ऐकू आला, कौल डावो इलो, डावो. म्हणजे नकार.

देवाचा शब्द आपण मोडत नाही. परंतु तुझे मनही मोडायचे नाही. यावर नंदाने उत्तम तोडगा काढला. देवाने जपानला नाही म्हटलेले नाही, एकटीला नाही म्हटले आहे. सबब सर्वजण जात आहोत. तुझ्यासकट अकरा. नोव्हेंबरात सिद्धेशला रजा नाही, मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा, पावसात गणपती, त्यामुळे मेचा पहिला आठवडा सर्वानुमते ठरला. त्या आठवड्याला तिकडे गोल्डन वीक म्हणतात असे कळते, म्हणजे काळ चांगलाच असणार.

तुझे नोव्हेंबरचे तिकीट रद्द करून टाकणे. तुझ्याच्याने होत नसेल तर फोन घेऊन ये, मी करून देतो.

लोभ आहेच, त्यात खंड पडू नये ही विनंती.
तुझा धाकटा भाऊ,
राजेश

*

मुलुंड (पूर्व),
१३ ऑक्टोबर २०२५

ती. आत्या, पाया पडते, खरोखरच पडते,

पत्र घरच्या पत्त्यावर का पाठवलंस गं! ऑफिसचा पत्ता दिला होता ना मी! जाऊ दे, आता वाट लागलीच आहे.

घरात रोज मीटिंग आहे. आई तांदळाचं पीठ, कोकमाचं आगळ आणि छोटा कुकर नेणार आहे. मी सांगितलं की हॉटेलच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली तर भूकंपाचा भोंगा समजून जपानी लोक जिना उतरून मैदानात जातील. पप्पा म्हणाले, शिट्टी काढून ठेवू. आईची नीलम मावशीपण येतेय. तिला सकाळी उठून बसवावं लागतं, गुडघ्यांना तेल लावावं लागतं. तर ती तुझ्या खोलीत. आई म्हणाली, सुलक्षणाताईंना तेवढीच सोबत.

गरम पाण्याच्या कुंडांचा विषय निघाला. तिथे अंगावर काही न घालता उतरतात हे मी सांगितल्यावर पप्पांनी तो अर्धा दिवस काढून टाकला आणि त्या जागी एक मॉल टाकला.

आता मी जे सांगणार आहे त्यावर चिडू नकोस. गोल्डन वीकला अख्खा जपान सुट्टीवर असतो, मुंगीला जागा नसते, हे मला माहीत आहे. मी बोलले नाही. कारण आत्या, अकरात मीपण आहे. मला एकटीला कधी जमलं असतं जपान? माझं सगळं शेड्यूल बनवून तयार आहे, रंगीत, तारखेनुसार. तू नाही आलीस तर पप्पा सगळंच रद्द करतील, कारण मग देवाचं कारणच उरत नाही. सहाच महिन्यांचा प्रश्न आहे ना यार. झाडं काय, पुढच्या वर्षीपण लाल होतील.

भाऊबीजेला ये, समोरासमोर बोलू. पप्पा तुझ्यासाठी कमरेला बांधायचा पासपोर्टचा पट्टा घेऊन आलेत. अकरा मावतील असा.

लोभ कमी करू नकोस, प्लीज.
अपूर्वा

*

बोरीवली (पश्चिम),
१५ नोव्हेंबर २०२५

चि. अपूर्वा हिला आशीर्वाद,

हे पत्र मी मुद्दाम घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. राजेशने चुकून उघडावं.

भाऊबीजेला तू माझ्याकडे बघत नव्हतीस. मीही तुला हाक मारली नाही. राजेशला ओवाळलं, त्याने साडी दिली, पट्टा दिला, पट्टा कमरेला लावून दाखवायला सांगितला. मी लावून दाखवला. सगळे म्हणाले, ताईला शोभतोय. आणि माझं तिकीट तेव्हा पर्समध्ये होतं, रद्द न केलेलं. मी भांडले असते तर तुम्ही सगळ्यांनी मिळून मला समजावलं असतं. तुम्ही फार छान समजावता. मला नेहमी समजतं.

आता कौलाचं ऐक. प्रवासाआधी देवापुढे नारळ ठेव म्हणून मी गावी गुरवाला फोन केला. तो म्हणाला, बाई, अजून इथेच? देवाने तर दसऱ्यानंतरच उजवा दिला होता. मी म्हटलं, धाकू तर डावा म्हणाला. गुरव हसायलाच लागला. धाकूला देव, स्वतः आणि राजेश असे तिघेही एकाच चित्रात हवे होते. म्हणून तो देवाकडे पाठ करून, हात उंच धरून, सेल्फीच्या कॅमेऱ्याने दाखवत होता. त्या कॅमेऱ्यात, आरशात दिसतं तसं, उजव्याचं डावं दिसतं. धाकूने पाकळी पडताना आपल्या फोनमध्ये बघितली आणि तिथूनच ओरडला. गुरव हात जोडून समोर उभा होता, त्याने उजवी पडताना डोळ्यांनी पाहिली. त्याने सांगायचा प्रयत्न केला म्हणे, पण तोवर धाकूने फोन ठेवला होता आणि मुलुंडला कुकरचं ठरलं होतं. एवढी माणसं कौलाला हजर, आणि देवाकडे बघणारा एकटा गुरव.

हे राजेशला दाखवायचं म्हणून लिहिलं नाही. कौल खरंच डावा असता तरी मी गेले असते. प्रश्न होता, ताईला पाठवू का. मला कुणी पाठवतच नाहीये. आणि रवळनाथाला आपल्या घरचं सगळं माहीत आहे, त्याला दर वर्षी राजेशचेच फोन येतात.

तुझ्यावर राग होता. आठ दिवस टिकवला, मग कंटाळा आला. तू माझं जपान रंगीत खडूने आखून दुसऱ्यांना दिलंस, ते मला लागलं. पण तू म्हणालीस ना, एकटीला कधी जमलं असतं, ते मला त्याहून जास्त लागलं. पंचविसाव्या वर्षी मीही हेच म्हणत होते, म्हणून माथेरानला गेले. तुम्ही मेमध्ये जरूर जा. देवाची हरकत नाही. मुलं नाचतील, नंदा मॉल बघेल. फक्त बॅगांपाशी कुणाला तरी बसवावं लागेल, आणि मोकळं कोण आहे असं राजेश बघायला लागला की त्याची नजर कुणावर थांबते ते नीट बघ. तुझंही लग्न अजून ठरलेलं नाही.

पट्टा तुझ्या नावाने शेजारच्या प्रेमाताईंकडे ठेवला आहे. घराची किल्ली ठेवली नाही, त्यांच्याकडे राजेशचा नंबर आहे. फोनवरचं लॅपटॉपचं जोडकाम मी काल स्वतः तोडलं. ते 'लिंक्ड डिव्हायसेस' मध्ये असतं, दोन बोटांचं काम आहे. राजेशला वाटेल फोन बिघडला.

खाली विमानतळाची गाडी आली, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. हे कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकते आणि बसते.

तुझ्यावर माया आहे, ती माझ्याबरोबर येते आहे. उत्तर लिहायला बसू नकोस. घरी कुणी नाहीये.

सुलक्षणा