माझ्या बाजूचा ब्रेक

३ जून
आजपासून रोजनिशी. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या माणसाचा मनावर ताबा हवा, आणि लिहिल्याने तो येतो म्हणतात. माझा आहेच, पण नोंद असावी.

काल पेपरात लेख वाचला. वाढत्या वयातली मुलं भोवतालासारखी होतात. मित्र, शेजार, शाळा. पुढे घराबद्दलही लांबलचक परिच्छेद होता, तो आपल्याला लागू नाही म्हणून सोडला. जेवताना सगळ्यांना सारांश ऐकवला. सगळे म्हणजे ही आणि पोरगी. इथली हवा पोरीला मानवत नाही, भोवतालच बदलला पाहिजे, असं स्पष्ट बोललो. ही म्हणाली की अहो, तसंच वाटत असेल तर... मी म्हटलं, आधी माझं पूर्ण होऊ दे. मग जेवण संपलं आणि ती ड्यूटीवर गेली. नर्सची नोकरी, तिला घरात लक्ष घालायला वेळ कुठे?

भोवताल म्हणजे टोळी. बिल्डिंगमागे पाण्याच्या पंपाची खोली आहे. तिच्या पायऱ्यांवर रोज संध्याकाळी चार-पाच कार्टी बसतात. म्होरक्या एक ताडमाड पोरगा, मी त्याला खांब म्हणतो. आमची पोरगी पंधरा वर्षांची. पूर्वी शाळेतून आली की माझ्यामागे भुणभुण लावायची. आता घरात फक्त हं, नाही आणि चिल. तिथे मात्र तासन्‌तास बोलते. गॅलरीतून पाहिलंय मी.

५ जून, सकाळचा चहा
पोरगी आपणहून जवळ आली, खुर्ची ओढून बसली. म्हणाली, बाबा, मावशीकडे मला... तेवढ्यावरच ओळखलं. काल मेव्हणीचा फोन येऊन गेला होता. तिच्याकडे शाळा चांगली, खोली रिकामी. पोरीला घर सोडून तिकडे शिकायला जायचंय! मी म्हटलं, कळलं, पुढे बोलू नकोस. ती म्हणाली की नाही, पण बाबा... मी म्हटलं, पण नाही आणि बिण नाही. उठून गेली. चहा तसाच.

हे खूळ टोळीनेच भरवलेलं. एकुलती एक पोर. ती गेली तर या घरात उरणार मी आणि भिंतीवरचं घड्याळ. दिवसभर उगाचच ब्रेक दाबत होतो. विद्यार्थ्याला वाटलं, त्याच्या ड्रायव्हिंगमुळे.

निश्चय : तिला जाऊ द्यायचं नाही. रागवायचं नाही, विचारायचंही नाही. शास्त्रीय मार्ग. टोळी बदलायची.

९ जून
योजना एक. तिसऱ्या मजल्यावरच्या डेंटिस्टची मुलगी. शाळेत कायम पहिली, लांब वेणी, दिसली की नमस्कार. मी तिला पहिला नंबर म्हणतो. जिन्यात गाठून म्हटलं, बेटा, आमच्या मुलीशी मैत्री कर, तुझ्या चार सवयी तिला लाव. ती म्हणाली, काका, खरं तर मीच... मी म्हटलं, थँक्यू बेटा. किती समजूतदार मुलगी!

१४ जून
योजना दोन, पाळत. संध्याकाळच्या विद्यार्थ्यांना हल्ली बिल्डिंगभोवतीच फिरवतो. कोणाला संशय नाही. रिटायर्ड पोस्टमास्तरांना डावं वळण आता झोपेतसुद्धा जमेल. त्यांनी विचारलं की सर, उजवं वळण कधी... मी म्हटलं, आधी डावं पक्कं होऊ दे. पायऱ्या आल्या की मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबून नीट बघून घेतो. शिकवायच्या गाडीत तशी सोय असते. समोरचा काहीही करो, गाडी थांबवायची आपण. गेल्या इतक्या वर्षांत एक अपघात नाही.

जेवताना हे सांगितलं. पोरगी म्हणाली की तो ब्रेक तुमच्याकडे घरीही आहे. कितीतरी दिवसांनी ती एक वाक्य पूर्ण बोलली, आणि तेही माझ्या कामाबद्दल. बरं वाटलं.

१९ जून
घात झाला. पहिला नंबर पायऱ्यांवर! वेणी गायब, केस कानापर्यंत, खो खो हसतेय. संध्याकाळी डेंटिस्ट दारात. म्हणाला, तुमच्या मुलीच्या संगतीने माझी मुलगी बिघडली. म्हणजे आमचीच पोरगी घातक भोवताल! म्हणाला की ती म्हणते, माझं तिथेच कोणीतरी... मी म्हटलं, हे सगळं खांबाचं काम आहे, आणि दार लावलं. लावल्यावर बराच वेळ दाराला टेकून उभा होतो.

पोस्टमास्तर टेस्टमध्ये नापास. परीक्षकाने उजवीकडे वळा म्हटल्यावर त्यांनी तीन डावी वळणं घेऊन गाडी बरोबर तिथेच आणली. मला तर हुशारी वाटली.

२३ जून
योजना तीन. टोळीत शिरायचं. वेफर्स घेतले, शर्ट बाहेर काढला, पायऱ्यांवर जाऊन चिल म्हटलं. कोणी हललं नाही.

तिथे एक गंमत पाहिली. माझंच जुनं, तडा गेलेलं हेल्मेट! ज्याच्या डोक्यावर हेल्मेट, त्याने बोलायचं. तो ते काढेपर्यंत बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. खांब घरच्या भांडणांबद्दल बोलला. बोलता बोलता रडलाही. कोणी हसलं नाही, कोणी सल्ला दिला नाही. पहिला नंबर कानात म्हणाली की हा नियम तुमच्या मुलीने काढला. ऊर भरून आला. पुढारीपण माझ्यावरच गेलंय.

मग पोरीने हेल्मेट घातलं. सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, बाबा, मला... आणि माझं लक्ष पट्ट्याकडे गेलं. हनुवटीखाली लावलाच नव्हता! पट्टा न लावलेलं हेल्मेट म्हणजे डोक्यावर पातेलं, हे मुलांना समजावलं. ओघात रस्त्यावरची सुरक्षितताही आली. मुलं एकाग्र होती. माझं संपलं तेव्हा हेल्मेट पायरीवर होतं आणि ती निघून गेली होती. वेफर्स कोणी खाल्ले नाहीत.

२७ जून
अन्न जात नाही. हिने सांगितलं की मावशीला आज कळवायचंय, शाळेत जागा धरलीये. तुमचं काय ते सांगा, पोर तुमच्या तोंडाकडे बघतेय. खरंच बघत होती. मला म्हणावंसं वाटलं, जाऊ नकोस गं. पण बाप झालो म्हणून किती अडवायचं? मन मोठं केलं. म्हटलं, तुझी इच्छा आहे ना, मग जा. ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, नक्की म्हणजे नक्की.

बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. बाहेर आलो तर तिचेही डोळे लाल. माणूस आनंदानेही रडतो.

१ जुलै
सोडून आलो. शिकवायचीच गाडी नेली. मी चालवत होतो, ती माझ्या नेहमीच्या जागी. वातावरण हलकं राहावं म्हणून मी सारखा बोलत होतो. वाटेत गाडी अचानक थांबली. तिने माझ्या बाजूचा ब्रेक दाबला होता. माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, असं भररस्त्यात करतात का, मागून ट्रक आला तर? पाय काढ बघू. तिने काढला. पुढे मावशीच्या दारापर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

४ जुलै
पहिला नंबर हेल्मेट परत द्यायला आली. मी हात पुढे केला, तर तिने ते स्वतःच्या डोक्यावर घातलं, पट्टासुद्धा लावला, आणि दारातच बोलायला लागली. नियम नियम असतो. मला गप्प बसावं लागलं.

म्हणाली की तुमच्या मुलीला मावशीकडे जायचंच नव्हतं. तुम्ही भोवताल बदला भोवताल बदला म्हणालात, म्हणून काकूंनी मावशीला विचारलं. त्या दिवशी चहाच्या वेळी ती हेच सांगायला आली होती, की मावशीकडे मला पाठवू नका. तेव्हापासून आम्ही पायऱ्यांवर तिची प्रॅक्टिस घेत होतो. तो उंच दादा (म्हणजे खांब) बाबा बनायचा आणि तिला मधेच तोडायचा. तिथे ती दर वेळी वाक्य पूर्ण करायची.

मग हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं आणि नमस्कार करून गेली. आता माझी बोलायची पाळी होती. हेल्मेट मांडीवर घेऊन पट्टा लावत-काढत बसलो.

१२ जुलै
आठवडाभर रोज फोन हातात घेतला, लावला नाही. आज लावला. निश्चय : एक अक्षर बोलायचं नाही. तिने नुसतं बाबा, मला... एवढं म्हटलं तरी पुरे, तिला आणायला गाडी काढायची. किल्ली हातातच होती.

ती म्हणाली, बाबा, मला... मी ओठ घट्ट मिटले. म्हणाली, मला इथे आवडायला लागलंय. पहिले दोन दिवस खूप रडले, पण इथे मावशी जेवताना काही बोलतच नाही, माझं सगळं शेवटपर्यंत ऐकते. मीही हल्ली कोणाला मधे तोडत नाही. आधी तोडायचे, माहितीये? तुमच्यासारखीच. आता नका नेऊ मला. पण सुट्टीत येईन. तुमची आठवण येते, बाबा.

मी सगळं ऐकलं. अगदी शेवटपर्यंत, पहिल्यांदाच. हातातली किल्ली परत खिळ्याला अडकवली.

तिकडून ती हॅलो, हॅलो म्हणाली. बाबा गप्प आहेत हे तिच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. लाइन कट झाली असं वाटून तिने फोन ठेवला.