वाढवून दिलेलं माप

१० जानेवारी

दिवस गेल्याचं घरी सांगून टाकलं एकदाचं! आत्याचा पहिला प्रश्न – "मग आत्तापासून डॉक्टरकडे कशाला? काही दुखतंय का?" काही दुखू नये म्हणूनच जायचं, असं म्हटलं. तिने अशी मान हलवली की जणू मी पैसे खर्च करायला निमित्तच शोधतेय.

बाबा दुकानात टाच ठोकत बसले होते. ऐकलं, हातोडी खाली ठेवली, चष्मा काढून पुसला, परत घातला. मग म्हणाले, "बस पोरी, पायाचं माप दे." आनंद झाला की हा माणूस माप घेतो. माझं लग्न ठरलं तेव्हाही घेतलं होतं. पाच नंबर, गेली दहा-बारा वर्षं पाचच. तरी घेतलं.

१४ जानेवारी

उद्या पहिली तपासणी. आत्याची शिकवणी दुपारपासून चालू आहे. तिच्या मते फार रक्त काढू द्यायचं नाही, बाळाचं कमी होतं. सोनोग्राफीने कातडी भाजते. लोहाच्या गोळ्यांनी मूल काळं होतं. मी म्हटलं, "आईने गोळ्या न खाताच मी काळी झाले ना?" तर उशी फेकून मारली. आई मला जन्म देऊन त्याच दिवशी गेली. तेव्हापासून मला आत्यानेच वाढवलंय, तिला हक्क आहे.

मग मात्र दार लोटून घेतलं तिने. "आईचं विचारलं तर रक्त गेलं म्हणायचं. फिट्सचं काढायचं नाही. नवरा शेजारी असेल."

हे मला लहानपणापासून पाठ आहे. आईला फिट्स आल्या आणि ती गेली – पण बाहेर कुणाला सांगायचं नाही, घराण्याला डाग लागतो, पोरीचं लग्न अडतं. लग्न झालं तरी गप्पच राहायचं. बाबा दारातून म्हणाले, "आत्या सांगते तसं कर." त्यांना हा विषय नकोच असतो.

१५ जानेवारी

उपाशी पाठवलं आत्याने, तपासणी म्हणजे उपाशीच असं तिचं ठाम मत. दवाखान्याच्या बाकावर मला घेरी आली. नर्सने आधी बिस्किटं चारली, मग झापलं. "आम्ही सांगू तेव्हाच उपाशी यायचं. आणि बाही सैल घाला पुढच्या वेळी, पट्टा दंडाला बांधायचा असतो."

मी माणसं पायांवरून ओळखते, धंद्याचा गुण. ही बाई सात नंबर, उजवी टाच बाहेरून झिजलेली, म्हणजे दिवसभर पळते. मनात तिचं नाव सात नंबर ठेवून टाकलं.

तिने पेन हातात घेऊन विचारलं. घरात बीपी? शुगर? फिट्स? आई आहे? नवरा माझ्याकडे बघून हसत होता, खूप खूश होता बिचारा. मी म्हटलं – नाही. नाही. नाही. आई माझ्या वेळी गेली, रक्त गेलं.

बीपी चांगलं. सगळं चांगलं. पास!

१२ फेब्रुवारी

ठोके ऐकले. कुणीतरी घाईघाईने जिना चढतंय असे. नवरा बाहेर येऊन रडला आणि मला म्हणाला, धूळ गेली.

पास.

१४ मार्च

परत पास. गोळ्या वाढवल्या आहेत. आत्याला सांगितलेलं नाही, उगाच देव पाण्यात घालून बसेल.

२८ मार्च

पाय भरून आलेत. त्याचं काही विशेष नाही. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी सगळ्यांचेच फुगतात, म्हणून तर आम्ही गिऱ्हाइकाला संध्याकाळी या म्हणतो. सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावतो. ही गोष्ट मला अक्षरओळखीच्या आधीपासून माहीत आहे.

बाबांनी आज काचेच्या कपाटातून आईच्या चपला काढल्या. त्या चपलांना कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. मऊ चामडं, रुंद पट्टा. शेवटच्या दिवसांत आईला चालवेना, तेव्हा बाबांनी सगळी गिऱ्हाइकं परत पाठवून तिच्यासाठी केलेल्या. पट्ट्याला टोकापर्यंत भोकं आहेत. पाय वाढला की बाबा एक भोक पाडायचे. लहानपणी मी त्या भोकांत बोट घालून बसायचे. माझ्यासाठी आई म्हणजे तीच भोकं.

"तशाच करतो तुला," बाबा म्हणाले.

४ एप्रिल

चपला झाल्या. ढगावर चालल्यासारखं वाटतंय. आईला असंच वाटलं असेल का? इतकी वर्षं तिच्याविषयी काय वाटून घ्यावं तेच मला कळायचं नाही. आज कळलं. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून रडून घेतलं.

१२ एप्रिल

तपासणी टाळली. शाळेच्या बुटांचा माल आलाय, खोकी छतापर्यंत. आणि तीनदा नॉर्मल आलंय, चौथ्यांदा काय वेगळं येणार? बाळ लाथा मारतंय, मी जेवतेय, दुखत काही नाही. आत्या म्हणाली, "बघ, आलीस ना माझ्या मतावर." तेवढंच जरा टोचलं.

२५ एप्रिल

बाबांनी आणखी एक भोक पाडलं.

६ मे

डोकं दुखतं. खोक्यांवरचे नंबर वाचताना मधे चकचकीत ठिपके येतात. चष्मा लागला वाटतं. अंगठी निघेना, साबण लावूनही. नवरा म्हणाला, तोंडावर तेज आलंय. तेज कसलं, सूज आहे. पण गोड बोलला.

११ मे

उद्या तपासणी आहे. मागची चुकवल्यामुळे सात नंबर बोलणार, म्हणून जय्यत तयारी केली. दुपारपासून पाय उशीवर घेऊन पडले. मीठ बंद. सूज दिसायला नको. डोक्याचं काढणार नाही, उगाच गोळ्या वाढतील. सैल बाही काढून ठेवली. आत्याने बाबांना सांगितलं, "उद्याही पास होणार आपली."

१३ मे

कालचं आज लिहितेय. हाताला सुई आहे, अक्षर बघवत नाही.

सात नंबरने पट्टा बांधला. आकडा बघितला. परत बांधला. मग दुसऱ्या हाताला. लघवी तपासली, डॉक्टरीणबाईंना बोलावलं आणि मला तिथूनच खाटेवर झोपवलं. घरी जाऊन कपडे आणते म्हटलं तर म्हणाली, "कपडे येतील. तुम्ही उठायचं नाही."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बीपी इतकं चढलंय की फिटसुद्धा येऊ शकते.

तो शब्द ऐकला आणि मला राहवलंच नाही. नवऱ्यासमोर सांगून टाकलं – आईला आल्या होत्या. सात नंबरने विचारलं, "लहानपणापासून यायच्या?" मला माहीत नव्हतं. बाबांना बोलावलं. बाबा भिंतीला टेकून म्हणाले, "नाही. आधी कधी नाही. त्याच दिवशी फक्त." सात नंबरने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं.

म्हणजे तो आईचा जुना आजार नव्हताच. घराण्याचा डाग वगैरे काही नव्हतं. मी पोटात होते म्हणून तिचं बीपी चढलं आणि कुणी मोजलं नाही. इतकी वर्षं आम्ही काय लपवून ठेवलं होतं!

बाबा गेल्यावर सात नंबरने हळूच सांगितलं, आईचं आधी कळलं असतं तर पहिल्यापासून जास्त लक्ष ठेवलं असतं, लवकर लवकर बोलावलं असतं. मी म्हटलं, मी चांगली तयारी करून यायचे. ती म्हणाली, "इथे पास व्हायला नाही यायचं, ताई. जे होतंय ते सांगायला यायचं."

नवरा खिडकीशी उभा होता. मग म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर मी काय पळून गेलो असतो?"

१४ मे

बाबा आले. माझ्या चपला खाटेखाली होत्या. सात नंबरने उचलून बघितल्या. "किती भोकं पाडलीत पट्ट्याला! कधीपासून?"

बाबांना कुणी कामाबद्दल विचारलं की बरं वाटतं. "एप्रिलपासून," ते म्हणाले. "पाय वाढेल तसं पाडत गेलो. हिच्या आईच्याही अशाच—" आणि तिथे थांबले.

सात नंबरने चपला खाली ठेवल्या, अगदी जपून. बाबा गेल्यावर मला म्हणाली, "पाय बऱ्याच जणींचे सुजतात. त्यात घाबरण्यासारखं नसतंही. पण सुजले की बीपी बघायचं, ताई. मोठी चप्पल नाही."

मी तिचा हात धरला. हे बाबांना सांगू नका म्हटलं. आईला काय दिलं असं विचारलं तर त्यांच्याकडे त्या चपला सोडून दुसरं काही नाही. त्या तरी राहू देत.

१७ मे

ऑपरेशन झालं. बीपी उतरेना, थांबून चालणार नव्हतं. मुलगी. चपलेच्या जोडाएवढं वजन. काचेच्या पेटीत ठेवलीय. रडली म्हणे, मी ऐकलं नाही.

१९ मे

मला चाकाच्या खुर्चीवरून नेलं. तिचा पाय माझ्या अंगठ्याएवढा आहे. बोटं सगळी आहेत.

बाबा काचेबाहेर उभे होते. टेप त्यांच्या खिशात असतेच. त्यांनी ती काढली नाही.

२३ मे

गेली.

२ जून

घरी आले. माझं बीपी आता बरं आहे. दूध येतंय, त्याला कुणी थांबायला सांगितलंच नाही. आत्या माझ्याशी बोलत नाही, स्वतःशीच बोलते. आज पोळी लाटता लाटता मधेच म्हणाली, "मीच म्हटलं होतं, कशाला जायचं." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. रागवायला अंगात जोर नाही, आणि रागवून करू काय?

९ जून

बाबांनी विचारलं. दुकानात कुणी नव्हतं. खिळ्यांचा डबा नीट करता करता, माझ्याकडे न बघता. "आधी कळलं असतं का गं?"

मी म्हटलं, "नाही बाबा. हे असंच अचानक होतं. कुणाच्या हातात नसतं."

"आईचंही?"

"आईचंही."

त्यांनी मान हलवली. डबा बंद केला. किती सहज खोटं बोलले मी.

३० जुलै

डॉक्टरीणबाईंकडे एकटी गेले. पुन्हा केव्हा, ते विचारून आले. पुढच्या वेळी काय काय सांगायचं तेही. सगळं सांगायचं. नवरा बाहेर बाकावर बसला होता. त्याला म्हटलं होतं येऊ नकोस, तरी आला.

१८ ऑक्टोबर

संध्याकाळी दुकानात एक बाई आली. सातवा-आठवा असेल. चपला हातात, पाय टम्म. "काका, एक नंबर मोठी द्या, किंवा पट्ट्याला भोक तरी पाडा." मी आत खोकी लावत होते, हात तिथेच थांबले.

बाबांनी तिच्या पायांकडे बघितलं. टेप घडी करून खिशात घातली आणि शटरची काठी उचलली.

"माप नंतर. आधी चल, पलीकडे दवाखाना आहे, बीपी बघून येऊ. मी येतो बरोबर." ती हसायला लागली. काका, पाय तर सगळ्यांचेच सुजतात, म्हणाली.

"सुजतात," बाबा म्हणाले. "दोनदा वाढवून दिलंय मी. आता नाही देणार."

ते गेल्यावर मी काचेच्या कपाटाकडे बघितलं. आईच्या चपलांचा वरचा खण रिकामा होता. धूळ बसलेली होती, म्हणजे आज रिकामा केलेला नव्हता.